टोनआर्म बदलताना: अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

ख्यालाची एलपी लावली की विलंबित सुरेख वाजतं. आलाप स्वच्छ, तानपुऱ्याची जवारी भरलेली. मग बाजू संपत येते, द्रुत चढते, तार सप्तकात तान सुरू होते आणि आवाजाला कड लागते. ‘स’ आणि ‘च’ फुसफुसतात, तबल्याची चाट पत्र्यावर मारल्यासारखी ऐकू येते. ‘रेकॉर्ड घासली आहे’ असं म्हणून बहुतेक जण ती बाजूला ठेवतात. जुन्या बाजारात तासन्‌तास खोके धुंडाळून आणलेली कितीतरी रेकॉर्ड्‌स अशी विनाकारण बाद होतात. पुष्कळदा खाच धडधाकट असते आणि चूक सुई धरणाऱ्या हाताची, म्हणजे टोनआर्मची असते.

शेवटाकडेच असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. ३३⅓ फेऱ्यांच्या गतीवर एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या शेवटच्या वळणांत ती जेमतेम २१ सेंटिमीटर सरकते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून सुईचा कोन जरा चुकला तरी तिथे तो लगेच ऐकू येतो. आपल्या संगीताची मांडणीच अशी, की सगळ्यात वेगवान आणि जोरकस भाग नेमका तिथे येतो. ज्याच्या संग्रहात ख्याल आणि नाट्यसंगीत जास्त, त्याला आर्मची जुळवणी काटेकोर करण्यावाचून गत्यंतर नाही.

रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं, आपला आर्म मात्र एका टोकाला खिळलेला असल्यामुळे कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला पूर्ण स्पर्शरेषेत फक्त दोन जागी येऊ शकते. बाकी सगळीकडे थोडी चूक राहणारच. जुळवणी म्हणजे त्या दोन जागा कुठे ठेवायच्या ते ठरवणं आणि त्या खरोखर तिथे आणणं.

आर्म बदलायचा की आहे तोच नीट लावायचा?

खर्च करण्याआधी जुना आर्म तपासा. अँटी-स्केटिंग (आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवा, काउंटरवेट, म्हणजे मागचं वजन, फिरवून आर्म हवेत तरंगता करा आणि हलकी फुंकर मारा. आर्म संथपणे वाहत जाऊन कुठेही थांबला तर बेअरिंग ठीक आहे. एका ठरावीक जागी अडखळत असेल तर बेअरिंगला खड्डा पडला आहे. सोडल्यावर प्रत्येक वेळी त्याच बाजूला परत वळत असेल तर बेअरिंग निर्दोष असून पिव्हटमधून (आर्म ज्यावर फिरतो त्या सांध्यातून) जाणारी वायर ताठ झाली असण्याची शक्यता जास्त. मग हेडशेल, म्हणजे आर्मचं पुढचं टोक, दोन बोटांत धरून अगदी नाजूकपणे मागेपुढे हलवा. ‘टिक’ असं जाणवलं तर बेअरिंग सैल आहे. रेगा कंपनीच्या आर्मचं बेअरिंग घरी कसायला जाऊ नका, हमखास बिघडतं. जुन्या एसएमई ३००९ मध्ये काउंटरवेटकडची शेपूट खाली लोंबलेली दिसली तर आतलं रबर वयानं मऊ पडलेलं असतं. तेवढं रबर बदललं की आर्म पुन्हा उभा राहतो.

रेगा आरबी २५० किंवा आरबी ३०० असेल तर काउंटरवेट बदलणं हीच सगळ्यात फायद्याची सुधारणा. आरबी २५० चा मागचा प्लॅस्टिकचा दांडा काढून स्टीलचा बसवायचा आणि वजन जड घ्यायचं, म्हणजे ते पिव्हटच्या जवळ येतं. वजन जितकं जवळ तितकी आर्मची जडता कमी, आणि वाकड्या रेकॉर्डवर सुई तितकी शांत. आरबी ३०० मध्ये सुईवर भार देणारी स्प्रिंग असते. तिची चकती पूर्ण ३ वर नेऊन प्रत्यक्ष भार काउंटरवेटनेच द्यावा, स्प्रिंगची कुरकुर ऐकू येत नाही.

आर्म आणि कार्ट्रिजचं गोत्र

नवा आर्म घेताना देखण्या फिनिशपेक्षा त्याचं इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला प्रत्यक्ष जाणवणारं वजन, आधी विचारा. हे वजन आणि कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या पेटीचा) लवचिकपणा, म्हणजे कंप्लायन्स, मिळून एक नैसर्गिक कंपन तयार होतं. ते ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये हवं. त्याखाली गेलं तर वाकडी रेकॉर्ड आणि पावलांचे हादरे सुईला नाचवतात. वर गेलं तर ते संगीताच्या खर्जाला भिडू लागतं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जमिनीवर टर्नटेबल असेल तर हा आकडा ८ च्या जवळ अजिबात नको, आणि शक्यतो भिंतीतली फळीच वापरा.

हिशेब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उदाहरणार्थ, ११ ग्रॅमचा आर्म, ७.२ ग्रॅमचं ऑर्टोफॉन २एम ब्ल्यू, १ ग्रॅमचे स्क्रू, मिळून १९.२. कंप्लायन्स २०, गुणाकार ३८४, वर्गमूळ १९.६, उत्तर ८.१ हर्ट्‌झ. चालेल, पण काठावर. हेच कार्ट्रिज १४ ग्रॅमच्या आर्मला लावलं तर ७.५ येतं, म्हणजे जोडी जमली नाही.

डेनॉन डीएल-१०३ च्या बाबतीत इथे चूक होते. कागदावर त्याचं कंप्लायन्स ५ आहे, पण तो आकडा १०० हर्ट्‌झचा, जपानी पद्धतीचा. आपल्या हिशेबाला १० हर्ट्‌झचा लागतो. त्यासाठी दीडपट ते दुप्पट धरतात, म्हणजे साधारण ९. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, आर्म ११, स्क्रू १. उत्तर ११.७ येतं. हेडशेलवर ४ ग्रॅमची पट्टी चढवली की १०.७ वर येतं आणि डीएल-१०३ खर्जात भरल्यासारखं वाजू लागतं. या कार्ट्रिजला जड आर्म आवडतो.

भोक पाडण्याआधी

सगळ्या जुळवणीचा पाया म्हणजे प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चकतीच्या) स्पिंडलच्या, म्हणजे मधल्या खुंटीच्या, मध्यापासून आर्मच्या पिव्हटच्या मध्यापर्यंतचं अंतर. रेगाचं २२२ मिमी, टेक्निक्स एसएल-१२०० चं २१५, लिन इट्टोकचं २११, एसएमई ५ चं साधारण २१५.४. थॉरेन्स टीडी १६० किंवा गॅरार्ड ४०१ या टर्नटेबलांवर नवा आर्म चढवायचा तर आर्मबोर्ड (आर्म बसवायची फळी) नव्यानं कापावा लागतो, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात.

आर्मबोर्डला मरीन प्लाय, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियम घ्या. एमडीएफ नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते भोकाच्या कडेनं फुगतं आणि आर्मचा तळ किंचित उचलला जातो. कटिंगसाठी लेझरवाल्याकडे नुसतं तोंडी माप सांगू नका, कागदावर मध्यबिंदू ते मध्यबिंदू लिहून द्या. कडेपासून कडेपर्यंतचं माप दिलं तर कारागीर बिचारा तेच कापणार.

बसवल्यावर अंतर पुन्हा मोजायचं. पट्टी डोळ्याच्या अंदाजानं धरली तर १ मिमी सहज चुकते. व्हर्नियर कॅलिपरनं स्पिंडलचा व्यास घ्या (साधारण ७.२ मिमी भरतो) आणि त्याच्या पिव्हटकडच्या कडेपासून मोजलेल्या अंतरात निम्मा व्यास मिळवा. त्याहून पक्की युक्ती अशी: ॲक्रिलिकच्या पट्टीला एका टोकाला स्पिंडलवर घट्ट बसेल असं भोक आणि बरोबर २२२ मिमीवर (रेगासाठी) बारीक टोकाचा स्क्रू. पट्टी स्पिंडलमध्ये अडकवायची. स्क्रूचं टोक पिव्हटवरच्या खुणेवर पडलं पाहिजे. बोहरी आळीत पट्टी आणि स्क्रू दोन्ही मिळतात. ही पट्टी एकदा केली की आयुष्यभर पुरते.

थॉरेन्ससारख्या स्प्रिंगवर झुलणाऱ्या टर्नटेबलला नवा आर्म जड असेल तर सबचॅसिस (प्लॅटर आणि आर्म धरणारा आतला सांगाडा) त्या कोपऱ्यात खाली बसतं. म्हणून आर्म बसवून, काउंटरवेट लावून, रेकॉर्ड ठेवून मगच स्प्रिंगांच्या नटांनी लेव्हल करा. आधी केलेली लेव्हल फुकट जाते. इतर टर्नटेबलचीही लेव्हल स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर ठेवून दोन्ही दिशांनी बघा.

वायरी

कार्ट्रिजच्या चार पिनांचे रंग ठरलेले आहेत: लाल उजवा, हिरवा उजव्याची परत, पांढरा डावा, निळा डाव्याची परत. टॅग सैल वाटला तर तो १.२ मिमीच्या ड्रिल बिटावर चढवून चिमट्यानं हलकेच दाबा. कार्ट्रिजच्या पिनवर असताना कधीही दाबू नका. पिनला सोल्डर लावणं तर कार्ट्रिजची कॉइल जाळण्याचा खात्रीचा मार्ग. घट्ट टॅग जोरानं ढकलला तर पिन आत जाते आणि आतली केसासारखी तार तुटते.

आर्मची आतली वायर बदलणार असाल तर पिव्हटजवळ तिला सैल वळसा ठेवा, आणि मघाचीच तरंगण्याची परीक्षा पुन्हा घ्या. जुन्या रेगा आर्ममध्ये नळीचं अर्थिंग एका चॅनलच्या परतीच्या तारेला जोडलेलं असतं. नवी वायर घालताना त्याची वेगळी तार काढून प्री-ॲम्पच्या अर्थ स्क्रूला द्या. आर्मला बोट लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर नळीला अर्थ नाही. एकाच चॅनलमध्ये गुणगुण असेल तर बहुधा एखादा टॅग ढिला आहे. दोन्हीत असेल आणि बोट लावून फरक पडत नसेल, तर तपकीर गल्लीतून नवी केबल आणण्याआधी घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला केबलची कपॅसिटन्सही मोजावी लागते. २एम ब्ल्यूला प्री-ॲम्पसकट १५० ते ३०० पिकोफॅरड हवेत. लांब केबलनं ते ओलांडले की वरचे सूर टोचू लागतात.

कोणत्या दोन जागा?

इथे दोन घराणी आहेत. लोफग्रेन-बेअरवॉल्ड जुळवणीत शून्यचुकीच्या जागा मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर असतात. स्टीव्हनसनमध्ये त्या ६०.३ आणि ११७.४ वर. पहिलीत चूक पूर्ण बाजूवर समसमान वाटली जाते. दुसरीत ती अगदी शेवटच्या वळणात शून्य होते, पण त्याची किंमत मधला भाग मोजतो.

द्रुत शेवटी येते म्हणून स्टीव्हनसनच घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. तसं डोळे झाकून करू नका. स्टीलची पट्टी घ्या आणि आपल्या संग्रहातल्या १५-२० रेकॉर्ड्‌सवर स्पिंडलच्या मध्यापासून शेवटच्या ध्वनीच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक ६५ ते ७० च्या आसपास संपत असतील तर बेअरवॉल्ड. शेवटचा भाग तिच्या शून्याजवळच पडतो. २३-२४ मिनिटं कोंबलेल्या बाजू असतील आणि खाच ६० पर्यंत पोचत असेल, तर स्टीव्हनसन. आमचं मत विचाराल तर मिश्र संग्रहाला बेअरवॉल्ड, कारण मधल्या बढतीचा बळी देऊन शेवटच्या दोन मिनिटांतली तिहाई वाचवणं परवडत नाही.

रेगाच्या २२२ मिमीला बेअरवॉल्ड लावली तर सुई पिव्हटपासून २३९.३ मिमीवर येते, म्हणजे स्पिंडलच्या १७.३ मिमी पुढे (यालाच ओव्हरहँग म्हणतात), आणि कार्ट्रिजचा कोन साधारण २३ अंश. स्टीव्हनसननं तीच २३७.४ वर येते. रेगाचं स्वतःचं माप २३७ आहे, म्हणजे कारखान्याचा कल दुसऱ्या घराण्याकडे. टेक्निक्सही तसंच: हेडशेलच्या मागच्या टोकापासून सुईपर्यंतच्या त्यांच्या ५२ मिमीच्या मापानं ओव्हरहँग १५ होतो, बेअरवॉल्डला १७.८ लागतो. कार्ट्रिज जवळजवळ ३ मिमी पुढे सरकवावं लागतं आणि काही कार्ट्रिजना हेडशेलची खाच तोकडी पडते. तिथे हट्ट न धरता कारखान्याचं मापच ठेवा.

प्रोट्रॅक्टरवर

कागदी प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईच्या जागा आणि कोन आखलेला तक्ता, चालतो, पण छापताना शंभर टक्के आकारातच. अप्पा बळवंत चौकातल्या प्रिंटच्या दुकानात सवयीनं ‘फिट टू पेज’ ठेवलेलं असतं. एका टक्क्याचा फरक म्हणजे ६६ मिमीच्या जागी ०.६६ मिमीची चूक, अख्खी मेहनत वाया. छापलेल्या कागदावरची १०० मिमीची रेघ दुकानातच स्टीलच्या पट्टीनं मोजून घ्या. स्पिंडलचं भोक कात्रीनं नको, पंचनं पाडा. सैल भोकानं कागद सरकतो.

आणखी एक निवड. कमानीची एक रेघ असलेला प्रोट्रॅक्टर एकाच पिव्हट-अंतरासाठी काढलेला असतो. अंतर १ मिमी चुकलेलं असेल तर तो तुम्हाला बिनधास्त चुकीच्या जागी नेतो. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर अंतरातली लहान चूक आपोआप सांभाळून घेतो. म्हणून घरच्या कामाला दोन बिंदूंचाच.

आधी भार अंदाजे शिफारशीइतका करून घ्या आणि आर्मची उंची अशी ठेवा की सुई टेकल्यावर नळी रेकॉर्डला समांतर दिसेल. अँटी-स्केटिंग शून्य. प्लॅटर हलू नये म्हणून कडेला कागदाची घडी खोचा. स्क्रू इतकेच कसा की कार्ट्रिज बोटानं हलेल, आपोआप हलणार नाही.

सुई बाहेरच्या बिंदूवर, १२०.९ वर टेकवा. भिंग आणि छोटा टॉर्च घ्या आणि समोरून कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक काडी, बघा. कार्ट्रिजची पेटी नव्हे, कँटिलिव्हर. पेटी आणि कँटिलिव्हर यांच्यात अर्ध्या-एक अंशाचा फरक महागड्या कार्ट्रिजमध्येही सापडतो. रेघांना समांतर होईपर्यंत कार्ट्रिज वळवा. आता उचलून ६६ च्या बिंदूवर ठेवा.

तिथे कार्ट्रिजचं नाक स्पिंडलकडे वळलेलं दिसलं तर ओव्हरहँग कमी आहे: कार्ट्रिज थोडं पुढे. नाक बाहेर वळलेलं दिसलं तर ओव्हरहँग जास्त: थोडं मागे. थोडं म्हणजे अर्धा मिलिमीटर. पुन्हा बाहेरच्या बिंदूवर जाऊन कोन सरळ करा, पुन्हा आत. चार-पाच खेपा लागतात. शेवटी सुई दोन्ही बिंदूंच्या बरोबर छेदावर आणि दोन्हीकडे रेघांना समांतर असली पाहिजे. एकीकडे परिपूर्ण आणि दुसरीकडे ‘जवळजवळ’ असेल तर काम झालेलं नाही.

मग स्क्रू आलटून पालटून, प्रत्येकी पाव फेरा कसा. एक आधी पूर्ण कसला की कार्ट्रिज वळतंच, आणि तासाभराची मेहनत शेवटच्या फेऱ्यात जाते. कसताना सुईवर टोपण चढवा. लोखंडी ॲलन-की कार्ट्रिजच्या चुंबकाकडे झेपावते आणि सुई मोडते, म्हणून हात टेबलावर टेकवून काम करा. कसून झाल्यावर दोन्ही बिंदू पुन्हा बघा.

बाकीची मापं

भार डिजिटल काट्यावर, रेकॉर्डच्या उंचीवरच मोजा. काटा उंच असेल तर काही आर्ममध्ये आकडा वेगळा येतो. काट्याची थाळी चुंबकानं न ओढली जाणारी हवी, नाहीतर एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज तिला चिकटू पाहतं आणि भार भलताच दिसतो. २एम ब्ल्यूला १.८ ग्रॅम, डीएल-१०३ ला २.५. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार कमी ठेवणं हा उलटा उपाय आहे: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तासते. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात घरातही गारठा असतो, तेव्हा कँटिलिव्हरचं रबर ताठ असतं. जुळवणी २० ते २५ अंशांतच करा.

अझिमुथसाठी, म्हणजे समोरून पाहता सुई सरळ उभी राहावी म्हणून, सुईखाली पातळ आरसा ठेवा. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ उभ्या रेषेत यायला हवं. काटेकोर हवं तर चाचणी रेकॉर्डवरचा एका चॅनलचा १ किलोहर्ट्‌झचा सूर संगणकात ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमवर घ्या, दुसऱ्या चॅनलमध्ये गळती किती ते पाहा, मग त्या चॅनलचं तेच. दोन्हींची गळती सारखी आली की थांबा. आरशातलं सरळ आणि मोजलेलं सरळ यांत फरक पडला तर मोजलेलं खरं. रेगात ही सोय नाही. हेडशेलखाली एका बाजूला कागद खोचण्यापेक्षा लहानशी चूक सोसावी, कारण त्यानं कार्ट्रिजची पकड जाते.

आर्मच्या उंचीवर लोक महिनोन्‌महिने घालवतात. नऊ इंची आर्मचा मागचा भाग ४ मिमी उचलला तेव्हा कुठे कोन १ अंश बदलतो. समांतरपासून सुरुवात करा. आवाज टोचत असेल तर मागून एखाद-दोन मिमी खाली, दबलेला वाटला तर वर. उंची बदलली की भार आणि ओव्हरहँग पुन्हा तपासा.

अँटी-स्केटिंग मात्र कानानंच लावा, गुळगुळीत कोऱ्या तबकडीवर नव्हे. तिथे सुई खाचेत नसतेच, त्यामुळे ओढीचा अंदाज खोटा येतो. बाजूच्या शेवटचा, चढलेल्या आवाजाचा भाग लावा. स्केटिंगची ओढ सुईला आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनलवर दाबते. म्हणून उजवीकडचा आवाज आधी फाटत असेल तर अँटी-स्केटिंग वाढवा, डावीकडचा फाटत असेल तर कमी करा. दोन्हीकडे सारखाच फाटत असेल तर दोष इथला नाही: आधी भार बघा, मग प्रोट्रॅक्टरवर परत जा.

ठरलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून प्लिंथच्या (टर्नटेबलच्या पेटीच्या) तळाला चिकटवा: पिव्हट-अंतर, ओव्हरहँग, भार, आर्मची उंची. नवं कार्ट्रिज ३०-४० तास वाजलं की त्याचं रबर थोडं बसतं. तेव्हा भार, उंची आणि दोन्ही बिंदू पुन्हा तपासा, आणि हेडशेलचे स्क्रू सैल झालेले नाहीत हेही बघा.